बावन्न कवी आणि चाळीस दुकानदार

इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात डॉ. जॉन्सनचे नाव निघाले की आम्ही शिक्षक मंडळी आवाज जरा खाली आणतो. चरित्रवाङ्मयाचा आद्य आचार्य, समीक्षेला शिस्त लावणारा पुरुष असे काहीबाही सांगतो आणि त्याच्या 'कवींची चरित्रे' या ग्रंथाची वैशिष्ट्ये फळ्यावर लिहून देतो. मीही आठ-नऊ वर्षे हेच केले. मला ज्यांनी शिकवले त्यांनी हेच केले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. त्यामुळे वर्गात मिळालेल्या टिपणांवर शंका घ्यायची असते हे मला फार उशिरा कळले. शंका घेतली ती मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने. "सर, हे बावन्न कवी निवडले कुणी?" मी सांगून टाकले, जॉन्सनने. तास संपल्यावर ग्रंथालयात जाऊन पाहिले तर माझे उत्तर साफ चुकलेले होते.

ते कवी निवडले दुकानदारांनी.

अठराव्या शतकातील लंडनमध्ये 'बुकसेलर' म्हणजे नुसता पुस्तके विकणारा नव्हे. हस्तलिखित विकत घेणारा, कागदाचा आणि छपाईचा खर्च उचलणारा, छापण्याचा हक्क आपल्या नावावर ठेवणारा तोच. आपण ज्याला प्रकाशक म्हणतो तो आणि दुकानदार तिथे एकच होते. एका पुस्तकाचा हक्क अनेकांत वाटलेला असे. कुणाचा अर्धा, कुणाचा आठवा, कुणाचा सोळावा हिस्सा. भाऊबंदकीत शेताचे तुकडे पडावेत तसे मिल्टनचे, ड्रायडनचे, पोपचे तुकडे पडलेले होते आणि व्यापाऱ्यांच्या आपसातल्या लिलावात ते विकले जात. १७१० च्या कायद्याने या हक्काला मुदत घातली होती : नव्या पुस्तकाला चौदा वर्षे, लेखक जिवंत असला तर आणखी चौदा. पण लंडनच्या व्यापाऱ्यांनी ही मुदत मनाने कधी मानलीच नाही. आपला हक्क वडिलोपार्जित जमिनीसारखा कायमचा आहे, असे ते साठ-पासष्ट वर्षे कोर्टात सांगत राहिले. शेवटी फेब्रुवारी १७७४ मध्ये डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात लॉर्ड्सच्या सभागृहाने निकाल दिला की हक्क कायमचा नाही. जुने कवी एका दिवसात मोकळे झाले.

मोकळे झालेले कवी प्रथम उचलले ते जॉन बेल याने. हा लंडनचाच विक्रेता. पण छपाई एडिंबराच्या छापखान्यात. १७७७ पासून त्याने चॉसरपासूनच्या इंग्रजी कवींची खिशात मावतील अशी छोटी पुस्तके काढायला सुरुवात केली आणि १७८३ पर्यंत १०९ भाग पुरे केले. लंडनच्या व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा आला. चाळीसेक जण एकत्र जमले. बेलची छपाई अशुद्ध आहे, टाइप बारीक आहे अशी तक्रार त्यांनी केली. ती खरीही असेल. परंतु कायद्याने गेलेला हक्क आपापसांत 'मानाचा हक्क' म्हणून जपायचा, हेही त्याच बैठकीत ठरले होते. प्रत्येक कवीच्या आरंभी छोटे चरित्र जोडावे आणि त्यावर असे नाव असावे की ज्यापुढे बेलचा स्वस्तपणा फिका पडेल. मग टॉम डेव्हिस, विल्यम स्ट्रॅहन आणि टॉमस कॅडेल असे तिघे २९ मार्च १७७७ रोजी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, जॉन्सनकडे गेले. मोबदला काय घ्याल ते तुम्हीच सांगा, म्हणाले. जॉन्सनने दोनशे गिनी मागितल्या. पुढे एडमंड मलोनने लिहून ठेवले आहे की हजार, अगदी दीड हजार मागितल्या असत्या तरी व्यापाऱ्यांनी आनंदाने दिल्या असत्या. पंचवीस वर्षांत त्यांनी या पुस्तकावर पाच हजार गिनी तरी मिळवल्या असतील.

कवींची यादी तयारच होती. वॉट्सच्या चरित्रात जॉन्सनने स्वतःच नोंदले आहे की ब्लॅकमोर, वॉट्स, पॉम्फ्रेट आणि याल्डन हे त्याच्या शिफारशीने आत आले. बाकीचे कोण, कशासाठी? यादी सुरू होते काउलीपासून. चॉसर नाही, स्पेन्सर नाही, डन नाही. ज्या बेलला हे लोक अशुद्ध म्हणत होते, त्याच्या मालेत मात्र हे तिघेही आहेत! संग्रहाच्या पुस्तकांच्या पाठीवर 'जॉन्सनचे कवी' अशी अक्षरे उमटली तेव्हा म्हातारा भडकला. जे मी निवडले नाहीत, तपासले नाहीत, ते माझे कसे, अशा अर्थाचे एक तिखट टिपण त्याने लिहिले आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांनी ते टिपण वाचलेले दिसत नाही. त्यांनी पुस्तकाची पाठ तेवढी वाचली.

या बावन्नांत एकही स्त्री नाही. कवी मृत असावा एवढीच अट होती म्हणावे, तर मेरी लीपर १७४६ मध्येच वारली होती. माळ्याची मुलगी, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबलेली, चोविसाव्या वर्षी गेलेली. तिच्या कवितांचे दोन भाग १७४८ आणि १७५१ मध्ये वर्गणीदारांच्या पैशांवर निघाले. दुसरा भाग तर 'पामेला'कार सॅम्युअल रिचर्डसनने, जो धंद्याने मुद्रक होता, आपल्या छापखान्यात छापला. म्हणजे लंडनच्या छापखान्यांना ती अनोळखी नव्हती. पण तिच्या कवितेत कुणाचा आठवा-सोळावा हिस्सा अडकलेला नव्हता. जिच्यात भांडवल अडकलेले नाही तिच्या चरित्राची निकड कुणाला भासणार? 'अभिजात कवींची परंपरा' म्हणून जी आपल्याला शिकवली जाते ती पुष्कळ अंशी व्यापाऱ्यांच्या मालमत्तेची यादी आहे, हे मी आता वर्गात स्पष्ट सांगतो. काही सहकाऱ्यांना ते आवडत नाही.

एवढ्यावरून जॉन्सनला भाडोत्री ठरवून मोकळे होणे मला मान्य नाही. व्यापाऱ्यांना प्रत्येक कवीमागे चार ओळींची माहिती, तारखा आणि थोडे स्वभाववर्णन एवढेच हवे होते. जॉन्सन ठरलेले माप सोडून लिहीत सुटला. ड्रायडन, मिल्टन, पोप यांची चरित्रे पाहा. सौदा ज्याचा झाला त्याच्या कितीतरी पट ती आहेत. या ग्रंथाचे जे मोठेपण आहे ते या जादा पानांत आहे. शिवाय तो स्वतः लिचफील्डच्या एका कर्जबाजारी पुस्तकविक्रेत्याचा मुलगा. दुकानाचा वास त्याला जन्मापासूनचा. जॉन निकल्स हा मुद्रक मुद्रिते पाठवी, त्यांच्याबरोबर जुन्या तारखा, विस्मृत पुस्तके, माहितीचे कागदही पाठवी. चरित्रकार आणि मुद्रक एकाच टेबलाशी बसल्यासारखे काम करीत होते. निकल्सने पुढे 'अठराव्या शतकातील वाङ्मयीन आख्यायिका' या नावाने नऊ भाग काढले (१८१२ ते १८१५), आणि त्या शतकाचे चरित्र लिहिणारा प्रत्येक जण आजही त्याच्या दारात जातो. परंतु त्या ग्रंथाचा आरंभबिंदू कोण, तर विल्यम बॉयर. म्हणजे निकल्सचा मालक. मुद्रकांनी साहित्याचा इतिहास लिहिला, तोही आपल्या छापखान्यापासून मोजून.

जॉन्सनच्या आधी काय होते तेही पाहिले पाहिजे. एडमंड कर्ल या फ्लीट स्ट्रीटवरच्या विक्रेत्याने चरित्राचा धंदा कसा चालतो ते दाखवून दिले होते. एखादा नामवंत मेला की कर्लची जाहिरात वर्तमानपत्रात येई : चरित्र छापायला घेत आहोत, कुणाकडे पत्रे, आठवणी असतील तर पाठवाव्यात. आलेला मजकूर, मृत्युपत्राची नक्कल आणि जुन्या पुस्तकांतले उतारे एकत्र शिवले की चरित्र तयार. डॉ. आर्बथनॉट थट्टेने म्हणाला होता की कर्लमुळे मरणाला एक नवीच धास्ती चिकटली आहे. १७२२ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाने ठराव केला की मृत उमरावाचे चरित्र, लेखन किंवा मृत्युपत्र वारसांच्या परवानगीविना छापणे हा सभागृहाचा हक्कभंग आहे. निमित्त कर्लच होता. उमरावाच्या मरणोत्तर अब्रूला कायद्याचे कुंपण मिळाले. बाकीच्यांच्या अब्रूला कुंपण नव्हते. अलेक्झांडर पोप तर कर्लच्याही वरताण निघाला. त्याने १७३५ मध्ये आपलीच पत्रे आडमार्गाने कर्लच्या हाती पडू दिली, त्याने ती छापली, मग ओरड करून १७३७ मध्ये आपली 'शुद्ध' आवृत्ती काढली. १७४१ च्या खटल्यात न्यायाधीशाने सांगितले की पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याचा, पण मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या आयुष्याचा मजकूर आपला, ही गोष्ट एका लबाड कवीच्या आणि एका बदनाम दुकानदाराच्या भांडणातून कायद्यात आली.

कर्लच्या बाजारात जॉन्सनचे पहिले मोठे चरित्र आले. रिचर्ड सॅव्हेज हा कवी १ ऑगस्ट १७४३ रोजी ब्रिस्टलच्या तुरुंगात कर्जापायी मेला. त्याच महिन्यात 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये जाहीर झाले की त्याचे विश्वसनीय चरित्र लवकरच येत आहे. इतर कुणी कल्पित साहसे रचून छापील, त्यांच्यापासून सावध राहावे. डिसेंबरमध्ये जॉन्सनने पंधरा गिनींची पावती दिली आणि फेब्रुवारी १७४४ मध्ये पुस्तक बाहेर पडले; त्यावर जॉन्सनचे नाव नव्हते. एका बैठकीत अठ्ठेचाळीस छापील पाने लिहिली होती, असे तो सांगे. ज्याला ते चरित्राच्या कलेचे शिखर म्हणतात ते अशा घाईतून आले आहे.

पंधरा गिनी देणारा एडवर्ड केव्ह. त्याचा बाप रग्बीला जोडे शिवीत असे. हे प्रथम वाचले तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो, हे कबूल करतो. परंतु असल्या साम्यावर उड्या मारू नयेत. जोडे शिवणाऱ्याचा हा मुलगा रग्बीच्या शाळेत शिकू शकला, छपाईचा धंदा शिकला, आणि १७३१ मध्ये सेंट जॉन्स गेटमधून इंग्लंडचे सर्वांत खपाचे मासिक काढू शकला. त्याच्या बापाच्या हातचा जोडा बाटत नव्हता. इंग्लंडात वर्ग होता. आपल्याकडे आहे ते त्याहून वेगळे आहे. तरी शाळेत वरच्या घरांतील मुलांच्या खोड्यांचे खापर त्याच्यावर फुटे आणि एका कोंबड्याच्या चोरीच्या आळामुळे तो मास्तरांच्या मनातून उतरला, हे जॉन्सनने १७५४ मध्ये केव्हच्या चरित्रात आवर्जून लिहिले आहे. आणि याच केव्हच्या घरी वॉल्टर हार्ट नावाचा पाहुणा जेवताना सॅव्हेजच्या चरित्राची तारीफ करीत होता, तेव्हा पडद्यामागे जेवणाचे एक ताट गेले होते. पडद्यामागे स्वतः जॉन्सन. अंगावरचे कपडे इतके फाटके की पाहुण्यासमोर यायची लाज वाटली. ही आख्यायिका इंग्रज समीक्षक गमतीने सांगतात. मला त्यात गंमत सापडलेली नाही. पुस्तक जेवणाच्या टेबलावर आणि लेखक पडद्यामागे, ही बैठकव्यवस्था आपल्या ओळखीची आहे.

१३ डिसेंबर १७८४ रोजी जॉन्सन वारला आणि तोच आता माल झाला. स्ट्रॅहन आणि कॅडेल यांच्या गटाने तत्काळ सर जॉन हॉकिन्सला दोनशे पौंडांवर चरित्राचे काम दिले. समग्र लेखनाच्या आरंभी ते जोडायचे होते. चार्ल्स डिली या दुसऱ्या विक्रेत्याने बॉस्वेलला लिहिले की फेब्रुवारीपर्यंत चारशे पानांचे पुस्तक होईल का? बॉस्वेलने घाई केली नाही. त्याचे चरित्र निघाले १६ मे १७९१ रोजी. टॉम डेव्हिसच्या पुस्तकाच्या दुकानात मागच्या खोलीत त्याची जॉन्सनशी प्रथम भेट झाली ती १६ मे १७६३ ची. तारीख मुद्दाम साधलेली. ज्याला घरची इस्टेट आहे त्याला सात वर्षे थांबता येते, हेही जाता जाता नोंदवतो.

हॉकिन्सचे १७८७ चे पुस्तक मात्र थांबून वाचण्यासारखे आहे, विशेषतः त्याचे अखेरचे पान. जॉन्सनने आपल्या मालमत्तेचा मुख्य वारस केला होता फ्रान्सिस बार्बरला. बार्बर जमैकात गुलाम म्हणून जन्मलेला, १७५० मध्ये इंग्लंडात आणलेला, १७५२ पासून जॉन्सनच्या घरी असलेला काळा माणूस. जॉन्सनने त्याला शाळेत घातले, त्याच्यासाठी वर्षाला सत्तर पौंडांची सोय केली आणि उरलेली मालमत्ताही दिली. मृत्युपत्राच्या अंमलदारांपैकी एक हा हॉकिन्स. त्याला हे सहन झाले नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या चरित्राचा शेवट त्याने कशाने करावा? काळ्या लोकांवर असा दिखाऊ उपकार करू नये, या इशाऱ्याने! व्यापाऱ्यांनी पैसे मोजून मागवलेले चरित्र, आणि त्याच्या शेवटच्या पानावर वारसावर ओकलेले गरळ. बॉस्वेलने हॉकिन्सशी वैर असल्यामुळे बार्बरला जवळ केले. त्याच्याकडून कागद मिळवले, आठवणी काढून घेतल्या. दोन्ही चरित्रांत बार्बर आहे : एकात वाया गेलेले दान म्हणून, दुसऱ्यात माहितीचा पुरवठादार म्हणून. तो १८०१ मध्ये वारला. त्याचे स्वतःचे सविस्तर चरित्र मायकेल बंडॉकने लिहिले, २०१५ मध्ये.

ज्यांच्या लेखनात कुणाचा हिस्सा नाही, त्यांचे चरित्र कुठे छापले जाते? प्रस्तावनेत. ब्रिस्टलची दूधवाली ॲन यर्स्ली हिचा पहिला कवितासंग्रह १७८५ मध्ये निघाला. छापवून घेणारा तोच कॅडेल. आरंभी हॅना मोर या प्रतिष्ठित लेखिकेचे पत्र, मिसेस मॉंटेग्यू या श्रीमंत बाईला लिहिलेले. त्यात दूधवालीची उपासमार, तिचे अज्ञान, तिची धर्मश्रद्धा सगळे आहे. हजारावर वर्गणीदार जमले. त्यांनी वर्गणी दिली ती कवितेला की त्या पत्राला? जमलेले साडेतीनशेवर पौंड मोर आणि मॉंटेग्यू यांनी विश्वस्त म्हणून आपल्या ताब्यात ठेवले. दूधवालीला स्वतंत्र करून कवितेच्या रिकामटेकडेपणाकडे वळवायचे नाही, असे मोरबाईंचे मत होते. यर्स्लीने हिशेबात आपलाही हात मागितला तेव्हा ती कृतघ्न ठरली. तिने काय केले? १७८६ च्या आवृत्तीत आपली बाजू सांगणारे निवेदन स्वतः लिहून छापले. पुढचा संग्रह १७८७ मध्ये रॉबिन्सन या दुसऱ्या विक्रेत्याकडे दिला. १७८८ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध दीर्घकविता लिहिली, ब्रिस्टलसारख्या त्याच व्यापारावर पोसलेल्या बंदरात राहून. आणि १७९३ मध्ये स्वतःचे फिरते ग्रंथालय उघडले.

माझ्या कविता एका प्रकाशकाकडे पाठवल्या होत्या, त्याची इथे आठवण होते. कविता पाहू सवडीने, म्हणाले, आधी परिचय पाठवा; वडील काय काम करीत तेही येऊ द्या, वाचकांना ते लागते. मी चार पाने लिहिली. लिहिताना माझ्या लक्षात आले की मी वडिलांना त्यांच्यापेक्षा अधिक केविलवाणे करीत आहे. ती पाने मी पाठवली नाहीत, आणि संग्रहही निघाला नाही. प्रत्येक प्रस्तावना अशीच असते असे मी म्हणत नाही. १९७२ च्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ते जग आपल्याला परके आहे हे तीत त्यांनी लपवलेले नाही. मोरबाईंना मात्र दूधवालीविषयी सगळेच ठाऊक होते.

प्रस्तावनेची ही गरजच नाकारणारा माणूस त्याच दशकात भेटतो. ओलॉदा इक्वियानो हा गुलामीतून स्वतःची किंमत भरून सुटलेला. १७८९ मध्ये त्याने आपले आत्मचरित्र काढले, मुखपृष्ठावर 'स्वतः लिहिलेले' असे छापून. वर्गणीदार स्वतः जमवले, हक्क कुणाला विकला नाही, रीतसर नोंदवून आपल्याकडे ठेवला, आणि इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड पालथे घालून प्रती स्वतः विकल्या. १७९४ पर्यंत नऊ आवृत्त्या. 'स्वतः लिहिलेले' हे शब्द आम्ही शिक्षक शैलीविशेष म्हणून शिकवतो. ते मालकीचेही विधान आहे. लाहोरच्या मंडळाने अध्यक्षीय भाषण नाकारल्यावर बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ते स्वखर्चाने छापलेल्या दीड हजार प्रतींतून लोकांपुढे ठेवले. ते ज्याने वाचले आहे त्याला छापखान्याचे बिल कुणी भरले हा प्रश्न वाङ्मयबाह्य वाटणार नाही.

इक्वियानोच्या आधी इग्नेशियस सँचो होता. लहानपणी गुलाम, मग उमरावाच्या घरी नोकर, शेवटी वेस्टमिन्स्टरमध्ये किराणा दुकानदार. तो १७८० मध्ये वारला. १७८२ मध्ये त्याची पत्रे दोन भागांत निघाली, हजारावर वर्गणीदारांच्या आधारावर. छापणारा जॉन निकल्स, जो त्याच सुमारास जॉन्सनची मुद्रिते हाताळीत होता. आरंभी चरित्र आहे जोसेफ जेकिल या तरुण वकिलाने लिहिलेले. ते सुरू होते गुलामांच्या जहाजावरच्या जन्मापासून. अलीकडच्या अभ्यासकांनी या चरित्रातील अनेक गोष्टींवर शंका घेतली आहे. सँचोचा मुलगा विल्यम पुढे स्वतः पुस्तकविक्रेता झाला. त्याने १८०३ मध्ये बापाच्या पत्रांची पाचवी आवृत्ती आपल्या दुकानातून काढली. मुखपृष्ठावर खाली, जिथे कॅडेल, डिली अशी नावे असायची, तिथे सँचो हे नाव आहे. वर लेखकाच्या जागीही सँचो. त्या दोन नावांच्या मध्ये एक ओळ आहे, चरित्र कुणाचे ते सांगणारी : जोसेफ जेकिल, पार्लमेंटचे सभासद.